पाणी जाते कुठे?

वसंत व्याख्यानमालेत साहित्यावर, इतिहासावर, संतांवर बोलणारे विद्वान येतात. त्यांच्या पंक्तीला बसून मोटारीच्या पाण्यावर बोलावे, हे आमच्या काही स्नेह्यांना रुचले नाही. “अहो, रेडिएटर हा काय व्याख्यानाचा विषय झाला?” असे एकाने तोंडावर विचारले. आमचे उत्तर सरळ आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा मालांनी एक काम सातत्याने केले आहे. जाणत्याला ठाऊक असलेली गोष्ट चारचौघांच्या भाषेत चारचौघांपर्यंत पोचवणे. पुसदसारख्या गावात आज गल्लोगल्ली गाडी उभी दिसते. ती गाडी का तापते हे ठाऊक असलेली माणसे मात्र गॅरेजात तेलकट कपड्यांत उभी आहेत आणि त्यांना कोणी व्याख्यानाला बोलावीत नाही. आम्ही त्यांच्यातलेच. शाळा नववीत सुटली. पुढची सारी विद्या ट्रकवरच्या क्लीनरकीत, गॅरेजात आणि युनियनच्या कचेरीत मिळाली. तेव्हा पदवी नसली तरी अनुभव आहे, एवढे ध्यानी घेऊन वाचकांनी हे वाचावे.

अनुभवाचा पुरावा आमच्या डाव्या हातावर आहे. १९८८ सालची गोष्ट. मे महिन्याची दुपार, घाटाचा माथा, आणि धापा टाकीत उभा राहिलेला ट्रक. ड्रायव्हर उस्ताद सावलीत टेकले होते. आम्ही क्लीनर, वय सतरा-अठरा. अंगात उत्साह आणि डोक्यात अंधार. रेडिएटरच्या झाकणाला फडके लावले आणि जोर करून फिरवले. उकळत्या पाण्याचा फवारा उसळला. तोंड नशिबाने वाचले. मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलून निघाला. दोन महिने कामावर जाता आले नाही, म्हणजे दोन महिने पगार नाही.

पडल्या पडल्या आम्हांला दोन प्रश्न छळू लागले. पाणी असे उसळले का? आणि सकाळी काठोकाठ भरलेले पाणी दुपारपर्यंत कमी झालेच कसे. ते गेले कुठे? पहिल्या प्रश्नाने आमचा हात भाजला होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळेवर न शोधल्यामुळे पुढे अनेकांचे संसार होरपळलेले आम्ही पाहिले. म्हणून आजचा विषय मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचे ढोबळ मानाने तीन वाटे पडतात. एक वाटा चाके फिरवतो, एक सायलेन्सरवाटे धुरासोबत जातो आणि एक वाटा इंजिनाच्या अंगातच मुरतो. सिलिंडरात ठिणगी पडते त्या क्षणी आतला वायू दोन हजार अंशांच्या वर तापतो. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. तेव्हा हा तिसरा वाटा सतत बाहेर काढला नाही, तर यंत्र स्वतःच्याच आगीत जळेल. हे काम पाणी करते. इंजिनाच्या भिंतींतून पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. वॉटर पंप त्यांतून पाणी ढकलतो, तापलेले पाणी वरच्या होज पाइपातून रेडिएटरात येते, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपातून पुन्हा इंजिनाकडे जाते. वारा कमी पडला तर पंखा तो पुरवतो. इंजिन थंड असताना हा प्रवास अडवून धरणारा एक द्वारपालही असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते.

राहिले झाकण. दिसायला ते डब्याच्या झाकणासारखे आहे, पण काम करते प्रेशर कुकरच्या शिट्टीचे. त्यातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. मोकळ्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. बाहेरच्या हवेइतकाच आणखी दाब त्यावर दिला, तर ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. यातच आमच्या हाताचे उत्तर आहे. ११५-१२० अंशांचे पाणी आत शांत बसलेले असते. आपण झाकण काढतो, दाब एकदम जातो आणि ते पाणी त्याच क्षणी उकळू लागते. पाच लिटरांपैकी जेमतेम पावणेदोनशे मिलिलिटर पाण्याची वाफ होते. परंतु पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. म्हणजे सुमारे तीनशे लिटर वाफ त्या लहानशा तोंडातून बाहेर पडू पाहते आणि उरलेले उकळते पाणी सोबत घेऊन येते. फडके तिला काय अडवणार?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या काळी ॲम्बॅसडर, फियाट, जीप घेऊन निघालेला माणूस पाण्याचा डबा सोबत घेई. पुढच्या बाजूला छागल लोंबत असे. त्या गाड्यांत दाब कमी असे आणि फुगलेले पाणी साठवायला बाटली नसे. ते नळीने रस्त्यावर सांडून जाई. त्यामुळे दर मुक्कामी पाणी ओतणे हा रोजचा धर्मच होता. त्या गाड्या गेल्या. ॲम्बॅसडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. पण सवय राहिली. आजच्या गाडीत पाणी बंदिस्त आहे. तापल्यावर फुगलेले पाणी बाटलीत जाते आणि निवल्यावर परत येते. काही गाड्यांत ती बाटलीच दाबाखाली असते आणि झाकण तिच्यावरच असते. अशा बंदिस्त घरातून वर्षभरात फार तर किंचित घट व्हावी. आठवड्याला अर्धा लिटर ओतावे लागत असेल, तर घरात चोर शिरला आहे असे समजावे. आणि आपण काय करतो? चोर शोधण्याऐवजी रोज तिजोरीत नवे पैसे भरतो!

शोध कसा घ्यावा? त्याचा क्रम आहे आणि तो पाळला पाहिजे: आधी फुकटचे, मग स्वस्ताचे, शेवटी महागाचे. पुष्कळदा उलटे घडते. गाडी तापली की थेट इंजिन उघडण्याची भाषा सुरू होते, आणि हजारोंचा खर्च झाल्यावर कळते की दोष झाकणाच्या रबरात होता. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत.

पहिले काम, घट खरी आहे की भास, हे ठरवणे. बाटलीवर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. पाणी गरम असताना वर चढते, गार झाल्यावर खाली येते. म्हणून संध्याकाळची पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना करू नये. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, सपाट जागेवर, सकाळी पाहावे. आणि पुन्हा सकाळीच पाहावे. पातळीवर पेनाने खूण करावी आणि एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: तारीख, किलोमीटरचा आकडा, किती पाणी घातले. ही वही पुढे पुन्हा येणार आहे. वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

दुसरे काम, बाहेरची गळती पाहणे. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरावे आणि सकाळी डाग पाहावा. कूलंट हिरवा, गुलाबी, निळा अशा रंगाचा असतो, बोटांना किंचित चिकट लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. उन्हाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचे पाणी ठिबकते. ती हवेतली ओल आहे, गळती नव्हे. अनेक सज्जन त्या पाण्याला घाबरून गॅरेजात धावतात. डाग सापडला की त्याच्या वर पाहावे, पण सरळ वरच नव्हे. पाणी इंजिनाच्या अंगावरून वाट काढीत दूर येऊन ठिबकते. खरा पत्ता सांगतो तो वाळलेला थर. होज पाइपाच्या टोकाशी क्लिपजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा आणि ॲल्युमिनियमच्या जाळीचा सांधा असतो तिथे, इंजिनाच्या अंगातल्या गोल बुचांभोवती पांढरट, हिरवट खरपुडी दिसली, की तिथून पाणी गेले आहे. गार पाइप हाताने दाबून पाहावा. चिरा दिसल्या, तो लिबलिबीत लागला किंवा कडक होऊन कुरकुरला, तर त्याचे दिवस भरले. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक छिद्र असते. ते बंद करण्यासाठी नाही. आतले सील गेले की तिथून थेंब पडावा आणि आपल्याला इशारा मिळावा म्हणूनच ते ठेवलेले आहे. तिथून ओघळ दिसला तर पंप बदलावा. छिद्र बुजवणे म्हणजे तक्रार करणाऱ्याचे तोंड बुजवणे. आमच्या धंद्यात तो प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

एक गळती गाडीच्या आतही होते. ज्या गाडीत हीटर असतो तिच्या डॅशबोर्डामागे एक लहान रेडिएटर असतो. पुढच्या सीटच्या पायाखालची चटई ओली, काचेवर आतून तेलकट धुके आणि गोड वास असे तिन्ही जुळून आले, तर तिथे पाहावे.

तिसरे काम झाकणाचे. गार असताना ते काढावे, रबर चिरले आहे का, स्प्रिंग सैल आहे का ते पाहावे. झाकणाने दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळते आणि बाटलीतून बाहेर सांडते. कुठेही भोक नसताना पाणी कमी होते. झाकणात आत घेणारी एक उलटी झडपही असते. ती अडकली तर गाडी निवल्यावर वरचा होज पाइप पोटात गेल्यासारखा चपटा होतो. हे दिसले तर पाइपाला दोष देऊ नये, दोष झाकणाचा. आपल्याच गाडीच्या दाबाचे नवे झाकण घेणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

इतके करूनही पत्ता लागला नाही, तर चौथे काम दाबाच्या चाचणीचे. हे मिस्त्रीकडे करावे. सायकलच्या पंपासारखा हातपंप झाकणाच्या जागी बसवतात आणि गार इंजिनातच झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. पंधरा मिनिटे काटा स्थिर राहिला तर घर शाबूत आहे. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला, तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर टिपूस नाही, तर पाणी आतल्या आत जाते आहे. आणि इथून प्रकरण गंभीर होते.

आतली गळती बहुधा हेड गॅसकेटची असते. इंजिनाचा धड आणि डोके यांच्यामध्ये बसवलेला हा पातळ पत्रा. तो आग, तेल आणि पाणी या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो. तो फाटला की तिघे एकमेकांच्या घरात शिरतात. त्याच्या खुणा अशा: इंजिन नीट तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहतो. तेलाच्या पट्टीवर दुधाळ चहासारखे तेल दिसते. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, कारण आगीचा वायू पाण्यात शिरतो आहे. झाकण काढून गार इंजिन सुरू केले तर पाण्यात बुडबुडे येतच राहतात. यांपैकी एकच खूण पाहून निकाल देऊ नये. गार हवेत कुठल्याही गाडीतून थोडी वाफ निघते; गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडा साका धरतो. खात्री हवी असेल तर निळ्या द्रवाची परीक्षा आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून खेचतात. तिच्यात जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. इंजिन उघडण्याचा खर्च मान्य करण्यापूर्वी ही परीक्षा करायला सांगण्याचा हक्क प्रत्येक गाडीवाल्याला आहे, आणि चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

येथवर पाणी कमी होण्याविषयी झाले. पण पाणी पुरेसे असूनही गाडी तापते, तेव्हा दोष अन्यत्र असतो. त्याची एक सोपी खूण आमच्या उस्तादांनी सांगितली होती आणि ती आजवर क्वचितच चुकली. गाडी बाजारात, गर्दीत, उभ्याउभ्या तापते पण मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा पाहा: फ्यूज, रिले, मोटर, किंवा पट्ट्यावरचा पंखा असेल तर सैल पट्टा. उलट, उभी असताना ठीक पण चढावर आणि वेगात तापते, तर रेडिएटर पाहा: जाळीत धूळ, गवत, किडे भरले असतील, किंवा आतल्या नळ्या क्षाराने चोंदल्या असतील. वरचा पाइप कढत आणि खालचा गारच, असे असेल तर थर्मोस्टॅटचे दार अडकले असण्याचा संभव मोठा. काही ठिकाणी “वॉल काढून फेका, आपल्याकडे थंडी कुठे आहे?” असा सल्ला मिळतो. तो मानू नये. दाराशिवाय इंजिन बराच वेळ गारच धावते, इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत तर दार नसल्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने आतच फिरत राहते आणि गाडी आणखी तापते.

क्षार म्हटला की आपल्या भागाचा प्रश्न आला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने घागरीला आणि गिझरला पांढरा थर धरतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तेच पाणी आपण रेडिएटरात ओततो. तिथल्या नळ्या तर घागरीहून कितीतरी नाजूक! म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, बहुधा निम्मे-निम्मे, गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तसे घालावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारतात. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू आणखी चढतो, आणि मुख्य म्हणजे आतले लोखंड व ॲल्युमिनियम गंजापासून वाचते. मात्र निव्वळ कूलंटही भरू नये. पाण्याइतकी उष्णता तो वाहून नेत नाही. रंग सारखा म्हणून दोन जातींचे कूलंट मिसळू नयेत. रंग ही जात नव्हे. पाणी बदलल्यावर आत हवा अडकते; ती काढल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

गळतीवर हळद टाकण्याचा एक जुना तोडगा ट्रकवाल्यांत आहे. शेजारच्या हिंगोलीची हळद प्रसिद्धच. तेव्हा आपल्याकडे तो विशेष चालतो. बारीक छिद्र हळदीने तात्पुरते बुजते, हे खरे. पण भोक कोणते आणि वाहती नळी कोणती, हे हळदीला कळत नाही. आडरानात घरी पोचण्यापुरता तो उपाय. घरी पोचल्यावर तो अपाय.

आता त्या वहीकडे येऊ. २०११ सालच्या उन्हाळ्यात एका काळी-पिवळी जीपचा ड्रायव्हर आमच्याकडे आला. माहूरच्या बाजूला चढावर इंजिन जाम झाले होते. मालकाने दुरुस्तीचा सगळा खर्च त्याच्या पगारातून कापायला सुरुवात केली होती आणि तिसरा महिना चालू होता. घरी दोन लेकरे, म्हातारी आई, उधारीवर किराणा. मालकाचे म्हणणे एकच: “काटा वर गेला तेव्हा झोपला होतास का?” ड्रायव्हर म्हणे, काटा वर गेलाच नव्हता. आम्हांलाही प्रथम ते खोटे वाटले. पण तो खरे बोलत होता. काट्याला खबर देणारा बोंडा पाण्यात बुडालेला असतो तोवरच काटा खरे सांगतो. पाणी निघून गेले आणि बोंडा कोरडा पडला, की काटा जागचा हलत नाही किंवा उलट खाली येतो. आत इंजिन भाजत असते आणि समोर सारे आलबेल दिसते. चढावर खाली आलेला काटा हा वर गेलेल्या काट्याइतकाच वाईट.

तो ड्रायव्हर फेऱ्यांचा हिशेब एका वहीत ठेवी. त्या वहीत डिझेलच्या आकड्यांशेजारी बारीक अक्षरात लिहिले होते: पाणी एक बाटली; पाणी दोन बाटल्या; मालकाला सांगितले. असे सात आठवडे. आम्ही गॅरेजात जाऊन काढलेला वॉटर पंप मागवला. त्या बारीक छिद्राखाली जुन्या, वाळलेल्या ओघळाचा थर होता. एका दुपारचा नव्हे, महिन्यांचा. मिस्त्रीने चारचौघांत तसे सांगितले. पगारातून नुकसान कापायचे तर ते कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही आणि आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते ठेवले आहे. मालक काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्यावर कर्जाचा हप्ता होता आणि गाडी एक दिवस उभी ठेवणे त्याला जड जात होते. वही आणि पंप समोर ठेवल्यावर तो गप्प झाला. कापलेले पैसे परत मिळाले. वेळीच पंप बदलला असता, तर इंजिनाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैशांत काम झाले असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकतर्फी होईल. एका प्रकरणात ड्रायव्हरने वाफ पाहिली, वास घेतला आणि शेवटची फेरी पदरात पडावी म्हणून गाडी तशीच दामटली. हेड वाकले. तो आमचा सभासद होता. तरी चूक त्याची आहे, हे आम्ही त्याला सभेत सांगितले. निदान म्हणजे कोणाची तरी बाजू घेणे नव्हे. आधी पाणी कुठे गेले ते शोधावे, दोष कोणाचा ते मग ठरवावे. हा क्रम उलटला की ज्याचा आवाज लहान त्याच्या माथी दोष बसतो.

शेवटी रस्त्यावरची पथ्ये. पुसदला भोवती टेकड्या. गाव सोडले की चढ लागतो आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर. सुट्ट्यांच्या गर्दीत बोरघाटातही गाड्या तापून ओळीने उभ्या राहतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. कारण तिथेही तेच: चढ, कमी वेग, वारा नाही आणि वरून एसीचा भार. काटा चढू लागताच एसी बंद करावा. हीटर असल्यास तो पूर्ण सोडावा. उकाडा होईल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. तरी काटा उतरला नाही, किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत ते उघडू नये. झाकणाला निदान पाऊण तास हात लावू नये आणि वरचा पाइप हाताला गार लागल्याशिवाय तर मुळीच नाही. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. बोटे दूर ठेवावीत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये, धातू तडकतो. भाजलेच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, तेल काही लावू नये, आणि दवाखाना गाठावा. आमच्या हातावर त्या दिवशी इंजिन ऑइल चोपडले होते. डाग इतका खोल राहिला त्याला तेही कारण असावे.

आणखी एक विनंती गॅरेजवाल्या बंधूंना. कूलंट गोड असतो आणि विषारी असतो. नळी तोंडात धरून तो ओढायला पोरांना सांगू नका. काढलेला कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, गटारात ओतू नका. कुत्री, शेळ्या तो चाटतात आणि मरतात. एखाद्या लहान मुलाने घोटभर घेतला तर त्याच्याही जिवावर बेतेल. हातात काम करणारी पोरे आपलीच आहेत.

आमचे सांगणे संपले. उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे काढून बॉनेट उघडावे, बाटलीवरची रेघ पाहावी, गाडीखाली वाकून पाहावे. घरी ड्रायव्हर असेल तर त्याला एक चाळीस पानी वही आणून द्यावी, आणि “पाणी कमी होते” असे तो म्हणाला तर “टाक अजून” असे न म्हणता “जाते कुठे, ते पाहू” असे म्हणावे.